चौकटीचे पागोटे

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मला आठवावे लागत नाही. ते माझे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, धारचे गवंडी. माझे वडील सरकारी पागेत होते. मी लहान असतानाच ते गेले, त्यांच्यामागून आई गेली, आणि आक्काचे लग्न झाले तेव्हा ती मला बरोबर घेऊनच सासरी आली. "लोकांच्या नवरीबरोबर पाठराखीण येते, ती चार दिवसांनी परत जाते. आमच्याकडे पाठराखा आला आणि त्याने जेवणाचा पाटच धरला," असे दाजी आल्यागेल्याला सांगत. मी पाटावर बसून ऐकत असे आणि आणखी भाकरी मागून घेत असे.

याच दाजींनी मला धारच्या शाळेत घातले आणि पुढे इंदूरच्या कॉलेजात पाठवले. आमच्या घराण्यात कॉलेजचे दार मी पाहण्याआधी त्यांनी पाहिले होते, कारण इंदूरला शेजारच्या इमारतीवर ते कामाला होते. मी त्या दारातून आत गेलो, एवढाच फरक. मी बी. ए. झाल्याचे कळले तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या म्हाताऱ्या तांबटाने विचारले, "बी. ए. म्हणजे नक्की काय हो?"

दाजी म्हणाले, "म्हणजे आता याला कुणी ओझं उचल म्हणणार नाही."

ही त्यांची व्याख्या होती, आणि तिच्यासाठी त्यांनी आपले उभे आयुष्य परांचीवर काढले होते. कचेरीतल्या एका अंमलदाराच्या घराचे जोते बांधताना त्यांनी माझ्याबद्दल शब्दही टाकून ठेवला होता. दसऱ्याच्या सुमारास कारकुनाची एक जागा मोकळी होणार होती. आक्काने माझ्यासाठी पगडी कोणत्या रंगाची घ्यायची, इथपर्यंत विचार केला होता.

आणि अशा वेळी, जेवता जेवता, मी म्हणालो, "दाजी, मला बांधकामात यायचं आहे."

दाजींना आधी ठसका लागला, मग हसू आले. "बांधकामात? मेव्हणे, तुम्हाला भाताचं आळंदेखील धड बांधता येत नाही. बघा, आमटी कुठे चालली आहे."

"मी खरंच म्हणतो आहे."

"तेच तर. खरं बोलणारा माणूस ठेकेदारीत चालत नाही."

पण आक्का हसली नाही. ती त्यांच्या हातांकडे पाहत होती. चुन्याने त्यांचे तळवे पार खाल्ले होते. तव्यावरची भाकरी ते चिमट्याशिवाय उचलत, आणि त्यांना चटका लागत नसे. रोज रात्री आक्का त्या भेगांत तेल जिरवायची. दाजींनी तिची नजर ओळखली. हसणे थांबवून ते एवढेच म्हणाले, "या घरात दोन हात तरी कोरे राहू देत."

मला बांधकामात का यायचे होते? उपकार फेडायचे म्हणून, असे तेव्हा मी सर्वांना सांगितले असते, आणि ते ऐकायला चांगलेही वाटले असते. पण खरे कारण याहून सोपे आहे. मला ते आवडत होते. शाळेत असताना मी दाजींची भाकरी कामावर पोचवायला जाई आणि ताणलेल्या दोरीखाली थराने थर भिंत वर येताना बघत उभा राही. इंदूरला सोबतचे विद्यार्थी संध्याकाळी फिरायला निघाले की माणसे पाहत, मी कमानी पाही. ते मला "ओळंबा" म्हणत, कारण कोणतीही भिंत दिसली की माझी मान तिरकी होई.

दाजींनी मग एक तोड काढली. पावसाळ्याला अवकाश होता. तोवर मी धारमधले बांधकामाचे सगळे धंदे एकेक करून पाहावेत. जिथे टिकेन तिथे राहावे. कुठेच टिकलो नाही तर मुकाट्याने कचेरीत जावे. मला हे फारच उदार वाटले. आक्का ओट्यापाशी तोंड फिरवून का उभी आहे, हे मात्र कळले नाही.

पहिल्यांदा मी चुन्याच्या घाणीवर गेलो. गोल चरात बैल दगडी चाक ओढत होता आणि मागून एक माणूस चुना वरखाली करत चालला होता. मी धोतर खोचून पुढे झालो. घाणीचा मालक, एक जाडजूड माळवी गृहस्थ, धावतच आला. "अरे अरे, आप तो बेठो बाबूजी! बैल फिरी रियो हे." झाडाखाली माझ्यासाठी खाट आधीच टाकलेली होती. वर धुतलेली चादर. मला तिथे बसवून त्यांनी ताक पाजले आणि बैल कसा फिरतो ते दिवसभर दाखवले.

पुढच्या आठवड्यात पाथरवटाकडे गेलो. तिथे माझ्या हातात दगड घडवायची टाकी दिली. पण दगड दिला नाही. "आधी टाकीचं वजन हाताला कळू द्या," असे तो म्हणाला, आणि मग त्याने मला इंग्रजांच्या मुलखातल्या बातम्या विचारायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत टाकीचे वजन माझ्या हाताला चांगलेच कळले होते, आणि विलायतेचे सारे राजकारण त्याला.

सुतार आमच्यासारखाच, दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेल्या घराण्यातला. मी रंध्याला हात लावताच त्याने दोन्ही कान धरले. "नको हो भिया. बी. ए.च्या हातून रंधा ओढून घेतला तर सरस्वती रुसेल माझ्यावर. घरात चार पोरं शिकायची आहेत." त्याने मला भुश्यापासून दूर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेऊन बसवले.

रोज संध्याकाळी मी घरी येई तेव्हा आक्का धोतराकडे पाहून म्हणे, "आजही पांढरंच?" आणि दाजी गंभीरपणे विचारत, "मग, कसं काय वाटलं सुतारकाम?"

"सावली चांगली होती."

"सावली महत्त्वाची. अर्धी इमारत सावलीसाठीच असते."

वीटभट्टीवरून मला गाडीत बसवून घरी पोचवले तेव्हा मात्र मी चिडलो. सगळ्या धारला माझ्याबद्दल एवढा आदर एकदम कुठून आला? आक्काने शेवटी तोंड उघडले. "अरे वेड्या, तू जायच्या आदल्या दिवशी हे स्वतः जाऊन येतात. हात जोडतात सगळ्यांना. 'पोरगा येईल, त्याला काही उचलू देऊ नका,' म्हणतात."

मी दाजींकडे पाहिले. ते सुपारी कातरत होते. "मग? टिकलास का कुठे?" त्यांनी विचारले. "नाही ना? ठरलं तसं कचेरी."

हा सौदा तसाच पक्का झाला असता. पण तेवढ्यात देवासचे काम आले.

देवासला तेव्हा एकाच गावात दोन राज्ये नांदत होती: थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या. रस्त्याची ही बाजू यांची, ती त्यांची. नवख्या माणसाने पानाची पिंक टाकण्याआधी आपण कोणाच्या राज्यात टाकतो आहोत ते पाहून घ्यावे, असे लोक गमतीने म्हणत. तिथे दोन सख्खे भाऊ होते. थोरले थोरल्या पातीच्या नोकरीत, धाकटे धाकट्या पातीच्या. घरे समोरासमोर आणि बोलणे बंद. पण मरताना आईने दोघांकडून वचन घेतले होते की टेकडीवर देवीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी दोघांनी मिळून धर्मशाळा बांधावी. वचन तर मोडता येत नव्हते. म्हणून थोरल्यांनी आपला मिस्त्री आणला, धाकट्यांनी आपला, आणि धर्मशाळेच्या एका टोकाकडून एकाने, दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्याने बांधत यायचे आणि मध्ये दारापाशी मिळायचे, असे ठरले. थोरल्यांचा मिस्त्री म्हणजे आमचे दाजी. धाकट्यांनी उज्जैनचा एक म्हातारा मिस्त्री आणला होता. या दोघा मिस्त्रींची पहिल्याच दिवशी एका चिलमीवर दोस्ती झाली.

दाजी मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. भिंतीशी मी बोलू शकतो. त्या दोघा भावांशी बोलायला कुणीतरी बी. ए. पाहिजे."

माझे काम म्हणजे रस्ता ओलांडणे. थोरले भाऊ ओसरीवर येरझारा घालत सांगत, "जाऊन सांग त्या शहाण्याला, धर्मशाळा आईच्या नावाची आहे, त्याच्या सासऱ्याच्या नव्हे. खिडक्यांना नक्षी नको."

मी रस्ता ओलांडून धाकट्यांना म्हणे, "थोरले म्हणतात, खिडक्या जरा साध्या असाव्यात."

धाकटे डोळे बारीक करत. "असं म्हणाला? शहाणा नाही म्हणाला मला?"

"नाही... म्हणजे, एकदा."

"एकदाच? तब्येत बरी आहे ना त्याची?"

अशाने दुपारपर्यंत खिडक्यांची उंची एक होई, आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या भिंतींत त्या एका रांगेत बसत. त्या रांगेकडे बघताना मला जो आनंद होई तो परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता. देवासमध्ये माझ्यासाठी कोणी खाट टाकून ठेवलेली नव्हती. दोरीचे एक टोक धरायला माणूस कमी पडला की दाजी माझ्याकडे पाहत, जरा थांबत, आणि म्हणत, "धर. दोरीनं हात खराब होत नाहीत." मग काही दिवसांनी थर सपाट आहे का ते पाहायची पाणसळ हातात आली. मग कोपरा तपासायचा गुण्या. चुना मात्र त्यांनी मला कधीच शिवू दिला नाही. गंधवानीकडून आलेल्या मजूर बायका घमेली वाहता वाहता मला पाहून आपसांत काही बोलत आणि खो खो हसत. काय बोलतात ते मी कधी विचारले नाही.

मग दोन्ही भिंती दारापाशी आल्या, आणि चौकट बसवायचा दिवस उजाडला.

आमच्याकडे चौकट उभी राहणे हा घराचा पहिला सण. चौकटीच्या वरच्या गणेशपट्टीला कुंकू लावतात, आंब्याचा टहाळा बांधतात, नारळ फोडतात आणि मालक आपल्या हाताने मिस्त्रीच्या डोक्याला पागोटे बांधतो. ते एकदा बांधले की ही इमारत त्या मिस्त्रीची. पुढे पन्नास वर्षांनीही लोक विचारतात, ही चौकट कुणाच्या पागोट्याची? दाजींच्या पेटीत अशी पुष्कळ पागोटी घड्या करून ठेवलेली होती. आक्का त्यांना दर दिवाळीला ऊन दाखवायची.

चौकट एक, दार एक, आणि आईच्या नावाने आणलेले पागोटेही एकच. ते थोरल्यांच्या हातात होते. थोरले दाजींकडे वळले तसे धाकटे पुढे आले. "थांबा. अर्धी धर्मशाळा माझ्या मिस्त्रीची आहे." कित्येक वर्षांत भावाशी बोललेले त्यांचे ते पहिले वाक्य असावे.

"थोरला मी आहे."

"वयानं. आई दोघांची होती."

भटजी ओरडू लागले, "अहो, मुहूर्त चालला! भांडण नंतर करा, त्याला मुहूर्त लागत नाही!" थोरल्यांच्या हातातले पागोटे एकदा इकडे जाई, एकदा तिकडे. दाजी आणि उज्जैनचे मिस्त्री एकमेकांना "आधी तुम्ही," "नहीं मियाँ, आप" करत मागे सरकत होते. मी मध्ये होतो, कारण नेहमीच मध्ये असे. दोघांना हात जोडून मी म्हणालो, "दादा, वेळ जातो आहे."

धाकट्यांनी माझ्याकडे पाहिले. "यालाच बांधा," ते एकदम म्हणाले. "हा दोघांचाही आहे."

थोरले पागोटे घेऊन माझ्याकडे वळले. "हे मात्र बरोबर बोललास," ते भावाला म्हणाले. आणि मला नको म्हणायला सवड मिळण्याआधी पागोटे माझ्या डोक्यावर होते.

टाळ्या वाजल्या. नारळ फुटला. दोघे भाऊ एकमेकांशेजारी उभे राहून डोळे पुसत होते, आणि त्यांच्याकडे पाहून भटजीही. त्या इमारतीत एक दगडही न लावलेला मी एकटाच माणूस, आणि पागोटे मला. ते मोठे होते, कानांवर आले. काढावे तर अशुभ, मृत बाईच्या नावाचे. मी दाजींना शोधले. ते परांचीच्या खांबाला टेकून उभे होते. माझी नजर भेटताच त्यांनी लवून मुजरा केला. "या मिस्त्री. आता आम्हाला काय हुकूम?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या दिवसापासून दाजींनी मला अरे-तुरे करणे सोडले. "मिस्त्री, आपण उन्हात का उभे? मिस्त्री, हा थर पसंत आहे का? मिस्त्रींना ताक द्या." उज्जैनचे म्हातारे मिस्त्री तर रोज सकाळी माझी इजाजत घेऊन चिलीम पेटवत. आठवडा गेला, थट्टा काही थांबेना, आणि मला कळेना की दाजी हसतात ते रागावले म्हणून की रागावले नाहीत म्हणून. ज्या पागोट्यासाठी माणूस भिंत चढवतो, ते त्यांच्या समोर त्यांच्याच मेहुण्याने नेले होते. शिवाय, ज्या धंद्यातून मला बाहेर ठेवण्यासाठी त्यांनी सगळ्या धारला हात जोडले, त्याच धंद्याने मला चारचौघांत आपला म्हटले होते. यातले दुखले कोणते, की दोन्ही?

विचारायची सोय नव्हती. बहिणीचा नवरा आणि बायकोचा भाऊ यांच्यात थट्टेचे नाते. आम्ही दोघे इतकी वर्षे त्याच भाषेत बोललो होतो. माझी फी भरताना त्यांनी थट्टा केली होती, मी तापाने फणफणलो तेव्हा उशाशी बसून थट्टा केली होती. सरळ कसे बोलायचे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

मग आक्काचा निरोप आला. कचेरीतून बोलावणे आले होते, दसऱ्याला हजर व्हायचे. शिवाय घरात पाव्हणे येणार, म्हणून दाजींनी आधी धारला यावे. भिंतींचे वरचे थर आणि छप्पर तेवढे बाकी होते. दाजींनी आपली थापी आणि ओळंबा गुंडाळला, गाडीत चढले आणि म्हणाले, "मिस्त्री, आता इमारत तुमची. छप्पर झालं की या. कचेरी वाट बघते आहे." आणि नेहमी थट्टा करून झाल्यावर ते ज्या प्रकारे मागे वळून डोळा घालत, तसा त्यांनी घातला नाही. गाडी वळणापलीकडे गेली तरी मी वाट पाहत उभा होतो.

दोन दिवस मी त्यांच्या टोकाच्या भिंतीजवळ नुसता हिंडलो. मग बसून पत्र लिहिले. दाजींना मोडी येत नसे, बाळबोध ते बोट ठेवून सावकाश वाचत. म्हणून मोठ्या बाळबोध अक्षरांत लिहिले, म्हणजे ते वाचून घ्यायला कुणा शेजाऱ्याकडे जाणार नाहीत.

"तीर्थस्वरूप दाजी यांस, मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

इथे सर्व ठीक आहे. धामनोदकडून सागवानाच्या गाड्या आल्या, उज्जैनच्या मिस्त्रींच्या टोकाकडून वासे चढू लागले. दोघे भाऊ काल एका ओसरीवर बसून भांडले, म्हणजे बोलणे सुरू झाले.

हे पत्र तुम्ही एकट्याने वाचावे. तोंडावर मला हे म्हणता आले नसते, तुम्ही आधीच हसवले असते.

पागोट्याचे मला वाईट वाटते. ते तुमचे होते. मी ते मागितले नाही, पण नाकारलेही नाही; डोक्यावर आले तेव्हा, खरे सांगतो, मला आनंद झाला. तुमच्याकडे पाहिल्यावर तो गेला. तुम्ही रागावला आहात का, हे मला कळत नाही. रागावला असाल तर सरळ रागवा. इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत, त्यामुळे तुमचा राग कसा असतो ते मला ओळखता येत नाही.

आता कचेरीचे. तुम्ही माझे हात कोरे राहावेत म्हणून काय काय केलेत ते मला माहीत आहे. चुन्याच्या घाणीवरची खाटसुद्धा. तुम्ही जा म्हणालात तर मी कचेरीत जाईन, तोंड वाकडे करणार नाही आणि पुढे कधी हा विषय काढणार नाही. पण मला विचाराल तर मला जायचे नाही. मला थापी धरता येणार नाही हे मी जाणतो. पण दोन मालकांना एका खिडकीवर आणणे, लाकूड वेळेवर मागवणे, नकाशा काढणे, तो मिस्त्रींना समजावणे, हेही बांधकामच आहे आणि ते मला येते असे या धर्मशाळेत पहिल्यांदा वाटले. तुम्ही बांधावे आणि बाकीचे मी सांभाळावे, अशी माझी इच्छा आहे. तुमच्या परवानगीवाचून मी यात पाऊल टाकणार नाही, कारण हा धंदा तुमचा आहे आणि मीही तुमच्यामुळेच आहे.

तेव्हा हो किंवा नाही, एवढेच लिहा. उत्तरात थट्टा नको. एकदाच, या एका वेळी. नंतर पुन्हा सुरू करा, मला तिच्यावाचून इथे करमत नाही.

तुमच्या टोकाच्या भिंतीला मी अजून कोणालाही हात लावू दिलेला नाही. वरचे दोन थर तुमच्यासाठी ठेवले आहेत.

आक्काला नमस्कार. तिने काळजी करू नये, जेवण वेळेवर होते.

तुमचा पाठराखा."